हातात दिलेली पोस्त

दारव्ह्याला आमचा गोठा झाडायला ती यायची. गाईंशी भरभरून बोलायची, आमच्याशी मोजकंच. दिवाळीला ती पदर पसरायची आणि शिवाशिव नको म्हणून सासूबाई वरूनच पोस्त म्हणून लुगडं टाकायच्या.

छप्पन सालच्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन बौद्ध झाली, घरचे देव नदीत सोडून आली. आता पोस्त दिली तर चिडेल, नाही दिली तर काम सोडेल, या धास्तीने सासूबाईंनी लुगडं माझ्याकडे दिलं आणि स्वतः दाराआड थांबल्या.

"दिवाळीचं नोको बाई. कामाचं असन तं द्या."

तिचा पदर खोचलेलाच होता. मी सासूबाईंसारखाच हात उंच धरला.

"टाकू नोका. हातात द्या."

दाराआड बांगड्या वाजल्या. लुगडं मी तिच्या हातात ठेवलं. मागे वळायची मात्र हिंमत होईना.