कानात सांगितलेला घोडा

माझ्या वडिलांनी केलेले घोडे कुत्र्यांसारखे दिसतात. हे मी त्यांना लहानपणापासून तोंडावर सांगत आले आहे आणि त्यांनी दर वेळी घोडा उलटा करून मला त्याची शेपटी दाखवली आहे. फणसाच्या लाकडाचे अकरा घोडे, पाठीवर दोनपासून बारापर्यंत आकडे. प्लायवूडच्या फळीवर हिरवा ऑइलपेंट मारून त्यावर पांढरे रस्ते आखलेले. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे सरकवायचा. सातची बेरीज सारखी पडते, म्हणून सातचा रस्ता सगळ्यांत लांब. दोन आणि बाराचा अगदी तोकडा.

आबा मुंबईला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर हिरवळ राखायच्या कामाला होते. इतकी वर्षं तिथे काढून एक पैसा कधी घोड्यावर लावला नाही. पण सुट्टीवर दिवेआगरला आले की आम्हा भावंडांना पटाभोवती बसवून शर्यती लावायचे आणि स्वतः शेठ व्हायचे. पैशांच्या जागी सुपाऱ्या, त्याही व्यापारी परत करतो तसल्या बारक्या, किडक्या. जिंकलात तर दामदुप्पट, हरलात तर शेठच्या डब्यात.

एक नियम मात्र कडक होता. कुठल्या घोड्यावर किती सुपाऱ्या लावल्या ते शेठच्या कानात सांगायचं. मोठ्याने बोलायचं नाही, कागदावर लिहायचं नाही. मैदानावर एकाने लावलं की दहाजण डोळे मिटून त्याच्यामागे धावतात, हे त्यांनी फार बघितलं होतं. शर्यत संपली की आबा प्रत्येकाचा घोडा आणि आकडा तोंडपाठ म्हणून दाखवायचे. दहा-बारा पोरं असली तरी चुकायचे नाहीत. आमच्या आळीत याचं मोठं कौतुक होतं.

गेल्या दिवाळीत याच खेळावर त्यांनी स्वतःला लावलं.

झालं असं की दिवाळीच्या आधी आबा एकटेच दिघीला गेले, बोटीत बसून पलीकडे आगरदांड्याला उतरले आणि आपण कशाला आलो तेच विसरले. दुपारभर धक्क्यावर बसून होते. ओळखीच्या एका मासेवाल्याने त्यांना परत बोटीत घालून घरी आणून सोडलं. मी त्या वेळी पाहुण्यांच्या जेवणात गुंतले होते. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्याचं सगळं मीच बघते. लग्न करून गेले होते, चार वर्षांत परत आले, तेव्हापासून मी आणि आबा असे दोघंच. आईही गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. माणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, यांना एकटं सोडू नका. मी मान डोलावली. पण वाडी, पाहुणे, बाजार हे सोडून चोवीस तास कुणाच्या मागे कशी फिरणार?

दादाला हे कळायचं ते कळलंच. माझा मोठा भाऊ पनवेलला असतो. भाऊबिजेला वहिनीला आणि माझ्या भाचीला घेऊन आला, आणि ओवाळणीचं ताट अजून माझ्या हातात असतानाच म्हणाला, "उद्या जाताना आबांना घेऊन जातो."

माझं डोकं सटकलं. "घेऊन जातो म्हणजे? ते काय नारळ आहेत?"

"तिकडे ही दिवसभर घरात असते. डॉक्टर दोन मिनिटांवर. इथे तू एकटी काय काय बघशील?"

"आजपर्यंत कोण बघत होतं?"

जेवणं होईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. वहिनी बिचारी मध्ये पुरणपोळ्या वाढत होती. आबा गप्प जेवत होते. हात धुऊन आले आणि माळ्यावरून पट काढायला त्यांनी भाचीला पाठवलं.

"पाच शर्यती," ते दादाला म्हणाले. "तुम्ही चौघं लावा. एकाचा जरी घोडा मी चुकलो तर उद्या तुझ्या गाडीत बसतो. न्हाय चुकलो तर परत ह्यो विषय काढायचा न्हाय."

"आबा, हे असं खेळावर कुठे ठरवतात का?"

"घाबरलास व्हय?"

दादा घाबरला नव्हता. घाबरले होते ती मी. कारण आबा चुकतात हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

ओटीवर सतरंजी घातली. आबा भिंतीला टेकून बसले. एकेकाने त्यांच्या उजव्या कानाशी जायचं, सांगायचं, आपल्या जागी यायचं. ते डोळे मिटून ऐकत. मग भाचीने फासे टाकायला सुरुवात केली.

पहिली शर्यत सातने मारली. आबांनी डोळे उघडले आणि एका दमात म्हणून दाखवलं. भाची सातवर पाच, तिला दहा मिळाल्या. सूनबाई सहावर चार, गेल्या. दादा आणि मी दोघंही दहावर, दोघांच्याही गेल्या. चौघांनी माना डोलावल्या. दुसरी, तिसरी शर्यतही तशीच पार पडली. आबांचा आवाज चढायला लागला, मैदानावरच्या भोंग्यासारखं ते घोड्यांचे आकडे पुकारत पट गाजवायला लागले. दादाच्या चेहऱ्यावरही हसू आलं. त्याला आबांना हरवायचं नव्हतं, हे मला तेव्हा दिसत होतं आणि तरी मी ते बघायचं नाकारत होते.

चौथ्या शर्यतीत वहिनीपाशी येऊन ते अडले. आमचे तिघांचे घोडे सांगून झाले होते. "सूनबाई," असं म्हणाले आणि थांबले. उजवा कान चोळला. फाशांकडे बघितलं. वहिनीचे ओठ हलायला लागले, तेवढ्यात दादाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली ती पार समुद्राच्या वळणापर्यंत ऐकू आली.

"चार," आबा म्हणाले. "चारवर तीन."

बरोबर होतं. वहिनीने पदराने कपाळ पुसलं.

शेवटची शर्यत. मी उठून त्यांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "पाच नंबर, दहा सुपाऱ्या." माझ्यामागून दादा गेला. त्यानंतर वहिनी आणि भाची. पाच आणि आठ हे दोन घोडे सुरुवातीपासून पुढे निघाले. दोघांचंही एकेक घर उरलं तेव्हा सगळेच गुडघ्यांवर आलो. भाचीने फासे टाकले. तीन आणि दोन.

"पाच!" आबा ओरडले. "पाचने मारली!" आणि दादाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझा घोडा. बारा लावलेल्यास, चोवीस घे. आणि तुझा आठ गो, तुझ्या दहा गेल्या."

आकडे दोन्ही बरोबर होते. घोड्यांची मात्र अदलाबदल झाली होती.

दादा हळू आवाजात म्हणाला, "आबा, मी आठवर होतो."

"न्हाय. पाच म्हणालास."

"आठ म्हणालो आबा. आठवर बारा."

आबा माझ्याकडे वळले. "तू काय म्हणालेलीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, जी लोकांच्या खोटेपणावर तासभर बोलू शकते, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "आठ. आठवर दहा. तुमचं बरोबर आहे आबा."

मोठ्या खुशीत त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बोटांवर मोजायला लागले. "सूनबाई सहा. पोर नऊ. ही आठ. तू म्हणतोस तूपण आठ. मग पाच कोण म्हणालं? माझ्या कानात पाच पडलंय. ते काय भुताने सांगितलं?"

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. 'ही खोटं बोलतेय' एवढे तीन शब्द तो बोलू शकला असता. तो बोलला नाही, माझी वाट बघत राहिला. मी पटावरच्या फाशांकडे बघत मूग गिळून बसले.

आबांचा आवाज एकदम उतरला. "मला न्यायला खोटं बोलतोस? बापाशी?"

दादाचा चेहरा लाल झाला. वहिनी काहीतरी बोलणार होती, तिला त्याने हातानेच थांबवलं. "असेल आबा," तो म्हणाला. "पाचच म्हटलं असेन मी."

आबांनी डब्यातून मोजून चोवीस सुपाऱ्या काढल्या आणि त्याच्या ओंजळीत ओतल्या. त्याला त्या घ्याव्या लागल्या.

मी जिंकले होते. चहा टाकताना मला खरोखर आनंद झाला होता, ते कशाला लपवू? दादा मागच्या दारी आला. "राहू दे त्यांना तुझ्याकडे," म्हणाला. "पण त्यासाठी मला खोटारडा ठरवायला हवं होतं का?"

"वर्षातून दोनदा येतोस," मी फटकारलं. "आणि हक्क सांगतोस."

तो ओटीवर निघून गेला. माझा चहा उतू गेला.

सकाळी ते निघाले. सामान गाडीत गेलं. दादा आबांच्या पाया पडायला वाकला आणि आबांनी पाय मागे घेतले. ओटीच्या कडेला बसले होते ते, दोन्ही पाय वर उचलून मांडी घालून बसले. "जा," म्हणाले. "सांभाळून जा." त्याच्याकडे बघितलं नाही.

दादा वाकलेला तसाच राहिला. पन्नाशीचा माणूस, टकलावर ऊन पडलेलं. माझ्या मनात लख्ख आलं की आबा आता एकेक करून सगळं विसरत जातील. आगरदांडा विसरतील, मला विसरतील. पण पोरगा आपल्याशी खोटं बोलला, हे डोक्यात पक्कं बसलेलं घेऊन जातील. ते मी बसवलं होतं.

"आबा, पाच मी म्हणाले होते," मी म्हणाले.

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. पाच माझा, आठ दादाचा, तो खरं बोलत होता.

"म्हणजे मी चुकलो."

"एकदाच चुकलात. पाच शर्यतींत एकदा. त्यात काय मोठंसं..."

"आणखी कितींदा?"

"काय?"

"आणखी कितींदा 'बरोबर आहे आबा' म्हणालीस?"

पाहुण्यांना ते तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत तेव्हा मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायचे. पंप त्यांनी रात्रभर चालू ठेवला, तेव्हा वीज जाऊन परत आल्यावर तो आपोआप सुरू झाला असं सांगून मी निभावलं होतं. आईच्या श्राद्धाची तिथी ते विसरले, तेव्हा पंचांगच चुकलं म्हणाले होते मी. मला वाटायचं, यालाच जीव लावणं म्हणतात.

आबांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मी चुकतो तेव्हा मला कळत न्हाय गो," ते म्हणाले. "आतून तसंच वाटतं, बरोबर असल्यासारखं. बाहेरून कुणी सांगितलं तरच कळायचं. आणि तू तर..." त्यांनी पाय खाली सोडले, दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "पिशवी भर माझी."

मी भांडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. चार धोतरं, सदरे, स्वेटर, डॉक्टरांचे कागद असं सगळं भरलं. रडत भरलं. वहिनी मदतीला आली तर तिच्यावरही एकदा खेकसले, मग तिनेच मला जवळ घेतलं.

आबा गाडीत पुढे बसले. मी खिडकीशी गेले. त्यांनी माझा हात धरला, गालावरून हात फिरवला. "रागावलो न्हाय हां," म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून खिसे चाचपले आणि विचारलं, "सकाळची गोळी घेतली का मी?"

"घेतलीत आबा," मी म्हणाले. खरंच घेतली होती. चहाबरोबर मीच हातावर ठेवली होती.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि शेजारी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या दादाला विचारलं, "घेतली का रे?"

"घेतली आबा," दादा म्हणाला. "मी बघितलं."

तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली आणि काच वर केली.