बाथरूमच्या जाळीतला आवाज

अल वक्राला राहायला आलो त्याच उन्हाळ्यात माझी मुलगी मालवणी बोलायला लागली.

आमच्या घरात मालवणी कुणालाच येत नाही. मी सोलापूरची, नवरा बार्शीचा. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. जन्मापासून कतारमध्येच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. दोहातली आमची जुनी बिल्डिंग पाडायला काढली म्हणून आम्ही वक्रातल्या एका पार्टिशन व्हिलात आलो होतो. मोठ्या घराचे मालकाने तुकडे पाडलेले. मधले दरवाजे जिप्सम बोर्डने बंद केलेले, प्रत्येक तुकड्याला वेगळं दार. आमचं दार रस्त्याकडे होतं. आमच्या पाठीला पाठ लावून असलेल्या भागाचं दार मागच्या बोळात उघडायचं.

जुलैमध्ये शाळा बंद झाल्या आणि ओळखीची सगळी घरं भारतात गेली. नवऱ्याच्या प्रोजेक्टचं हॅंडओव्हर अडकलेलं, त्यामुळे आम्ही थांबलो. बाहेर असं ऊन की दाराची मूठ फडक्याने धरावी लागायची. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. दिवसभर एसीची घरघर, मी, आणि मुलगी. आधी ती कंटाळून मागेमागे फिरायची. मग फिरायची थांबली. मला वाटलं, रमली.

एकदा दुपारी तिला जेवायला वाढलं. तिने ताट बाजूला सरकवलं.

"माका नको."

मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. "काय म्हणालीस?"

"आय ॲम नॉट हंग्री," ती म्हणाली, नेहमीसारखी.

टीव्हीवर ऐकलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण आमच्याकडे टीव्हीवर मराठी लागतच नव्हतं. दोन-तीन दिवसांनी ती बाहुलीला झोपवत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, "निज गो चेडवा, निज." चेडू म्हणजे मुलगी, हे मला कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीमुळे माहीत होतं. माझ्या मुलीला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"द आंटी."

"कुठली आंटी?"

तिने बाथरूमकडे बोट केलं.

त्या बाथरूमला खिडकी नव्हती. छताजवळ एक्झॉस्टची जाळी होती, आणि तिच्यामागे अंधारी पोकळी. मी आत जाऊन दार लावलं आणि उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. नुसता जुन्या पाण्याचा वास. बाहेर पडणार, एवढ्यात जाळीतून श्वास ऐकू आला. कुणीतरी तोंड अगदी जवळ आणून घेतल्यासारखा. आणि मग बाईचा आवाज, हळू, समजूत घातल्यासारखा.

"इलंस? खंय होतंस गो इतको वेळ?"

मी जाळीकडे वर बघत राहिले. आवाज थांबला. पण गेला नव्हता. कुणीतरी वाट बघतंय, हे त्या शांततेतही कळत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो मागच्या बोळात जाऊन आला. त्या भागाच्या खिडक्यांना आतून चंदेरी फॉइल चिकटवलेली, दाराबाहेर चप्पल नाही, दिवा नाही. व्हिलाचा नातूर, म्हणजे राखणदार, नवीनच लागला होता. तो म्हणाला, "उधर कोई नहीं रहता साब. एक आदमी था, बॅग लेके चला गया. खलास."

"मग मी कुणाला ऐकलं?" मी विचारलं.

नवऱ्याने स्टूल घेतलं आणि जाळीवर डक्ट टेपच्या पट्ट्या चिकटवल्या, एकीवर एक, जाळी दिसेनाशी होईपर्यंत. मुलगी दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. फक्त म्हणाली, "नाऊ शी कान्ट ब्रीद."

त्यानंतर तिने खाणं जवळपास सोडलंच. दूध तेवढं प्यायची. चेहरा पिठासारखा पडला. हाक मारली तर वळून बघायची, पण नजर माझ्या खांद्यामागे कुठेतरी. कधी भिंतीला कान लावून बसलेली सापडायची. मी तिला उचलून बाहेरच्या खोलीत आणायची.

आमच्या भागातल्या एका कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये शुक्रवारी सकाळी भारतीय कुटुंबं जमायची. आम्ही सगळे त्याला सेंटर म्हणायचो. गार हॉल, एका कोपऱ्यात मुलांच्या दोरीच्या उड्या आणि बॅडमिंटन, दुसरीकडे बायकांचा योगा, चहा, आणि टेबलामागे ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन बसलेली एक मल्याळी नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, भेटणारी एक तेलुगू शेजारीण मला कधीपासून बोलावत होती आणि मी टाळत होते. अनोळखी माणसांत जाऊन काय बोलायचं, असं वाटायचं. त्या शुक्रवारी मात्र मी मुलीला उचललं आणि गेले. त्या घरात दिवस काढण्यापेक्षा कुठेही बरं, एवढंच मनात होतं.

सिस्टरने मुलीचं वजन केलं, डोळ्यांच्या खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. रक्त तपासायला हेल्थ सेंटरची अपॉइंटमेंट घे म्हणाली. इथली मुलं उन्हात निघत नाहीत, त्यामुळे व्हिटॅमिन डी कमी असतंच, हेही सांगितलं. मग मुलीला दोरीच्या उड्यांकडे पाठवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"घर पे दिन में कौन रहता है, बेटी के साथ?"

"मैं."

"और कौन?"

किती साधा प्रश्न. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. मी तिला सगळं सांगितलं. जाळी, आवाज, मालवणी, टेप. ही आता मला मानसोपचाराला पाठवणार, असं वाटत होतं. सिस्टर हसली नाही. घाबरलीही नाही. तिने एकच विचारलं.

"टेप लगाने के बाद आवाज आया?"

"पहले एक-दो दिन आया. ठोकने जैसा. फिर बंद."

तिने मशीन बंद केलं आणि उठली. "चलो."

आम्ही चौघीजणी गेलो. सिस्टर, तेलुगू शेजारीण, मुंबईची एक वयस्क गुजराती बाई आणि मी. मुलीला सेंटरमध्येच ठेवलं. भर उन्हात त्या बोळातून चालताना आमच्या चपलांखेरीज कसलाच आवाज नव्हता. सिस्टरने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. नातूर लांबून ओरडला, "खाली है मॅडम!" शेजारणीने दाराखालच्या फटीपाशी हात नेऊन पाहिला आणि झटकन मागे घेतला.

"गार हवा येतेय," ती हिंदीत म्हणाली. "आत एसी चालू आहे."

रिकाम्या घरात एसी कोण चालवेल? नातूर किल्ली शोधायला धावला.

आत अंधार होता आणि हिवाळ्यासारखा गारठा. फॉइलच्या फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर पडली होती. ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली, वाळून पांढरी पडलेली. पलंगावर चादर नीट अंथरलेली. कुणीच नव्हतं. गुजराती बाईने माझा दंड इतका घट्ट धरला की मला तिच्या बांगड्या रुतल्या.

ती बाथरूममध्ये होती. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली होती, डोकं भिंतीला टेकवलेलं, तोंड वर जाळीकडे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. ओठ फुटलेले. आम्ही चौघी दारात उभ्या, तरी तिने आमच्याकडे पाहिलं नाही. जाळीकडेच बघत म्हणाली,

"बंद झाला. आता ता बोलणा नाय."

सिस्टर तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिने तिचं मनगट हातात घेतलं. "पानी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "और ॲम्ब्युलन्स."

नंतर हळूहळू सगळं कळलं. ती सावंतवाडीकडची. नवरा ऑफशोअरला, समुद्रातल्या रिगवर. आठवडेच्या आठवडे तिकडे. लग्न होऊन आली, दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. मुलगी होती. हॉस्पिटलमधून घरी आणून नवऱ्याला पुन्हा रिगवर जावं लागलं. बॅग घेऊन निघालेला तोच नातूरने पाहिला होता. फोनवर ती त्याला रोज सांगायची, मी बरी आहे, जेवले. हिंदी तिला धड येत नव्हती, गाडी येत नव्हती, ओळख कुणाची नव्हती. घराबाहेर पडायचं तिने सोडून दिलं होतं, आणि जाळी बंद झाल्यावर जेवणही.

हॉस्पिटलमधून ती परत आली तेव्हा सेंटरच्या बायकांनी पाळ्या लावल्या. कुणी डबा न्यायचं, कुणी नुसतं जाऊन बसायचं. सिस्टर तिला समुपदेशकाकडे घेऊन जायची. नवरा सुट्टी काढून आला. दारातच उभा राहून रडला आणि आम्हाला सगळ्यांना, अगदी गुजराती बाईलाही, वहिनी म्हणू लागला.

माझी मुलगी सेंटरला जायला लागल्यावर खायला लागली. बॅडमिंटनची रॅकेट तिच्यासाठी अजून मोठीच होती, तरी ती पळापळ करायची. घामाघूम होऊन घरी आली की ताटावर तुटून पडायची. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी केलं की मुलांच्या गलक्याने, मला सांगता येणार नाही.

सावंतवाडीची ती सावरल्यावर एका शुक्रवारी हॉलमध्ये मी तिच्याशेजारी बसले. मुली समोर गोल करून फिरत होत्या. जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं.

"तू माझ्या मुलीला काय म्हणून हाक मारलीस पहिल्यांदा?"

तिने मान हलवली. "मी खंय मारलंय हाक? मी आंघोळ करी होतंय. वरसून आवाज इलो. माका म्हणाला, 'आये, हंय अंधार आसा.'"

"मराठीत?"

"आमच्यात बोलतत तसा." तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी शांत होता. "म्हणान तर मी बोलाक लागलंय. नायतर कित्याक बोललं असतंय?"

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी मुलीला, आधी हाक कुणी मारली, ते सहज विचारल्यासारखं विचारलं. ती दुधात चमचा फिरवत म्हणाली, "शी कॉल्ड मी फर्स्ट. आय टोल्ड यू." आणि "कॅन आय गो नाऊ?"

दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोघीही एकट्या होत्या ना." पण त्या बाथरूममध्ये मी दार लावून कधी आंघोळ केली नाही. लीज संपल्यावर आम्ही मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळ फ्लॅट घेतला.

आता दरवर्षी शाळा बंद झाल्या की सेंटरच्या आम्ही बायका जोडीजोडीने घरं फिरतो. जास्त काही करायचं नसतं. दिवसा घरी कोण असतं ते विचारायचं, शुक्रवारचं बोलावणं द्यायचं. माझ्याबरोबर सावंतवाडीची तीच येते. हिंदी आता माझ्यापेक्षा भरभर बोलते.

यंदा एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर दार कुणी उघडेना. बेल वाजवली, टकटक केली. काही नाही. मी निघायला वळले. तिने माझी ओढणी धरली आणि कान दाराजवळ नेला. मग मलाही ऐकू आलं. आत, दाराला अगदी चिकटून, कुणीतरी श्वास रोखायचा प्रयत्न करत होतं.

मी एक पाऊल मागे सरकले. ती मात्र खाली पायरीवर बसली, पदराने मान पुसली आणि दाराकडे न बघता मोठ्याने गप्पा मारायला लागली. सेंटरमध्ये गेल्या आठवड्यात कुणाचा चहा उतू गेला, मुलं दोरीत पाय अडकून कशी पडली, असलंच काहीतरी. मध्येच ती थांबायची, पलीकडून कुणी हुंकार दिल्यासारखी मान हलवायची, आणि पुढे बोलायची. मीही तिच्याशेजारी बसले.

बऱ्याच वेळाने कडी सरकली. दार बोटभर उघडलं आणि आतला गारठा आमच्या पाठीला लागला.