सारवलेला उकिरडा

घर वाटलं गेलं, बैल वाटले गेले, पण उकिरड्याचा खड्डा एकच राहिला. मधे दगडांची ओळ लावली. अलीकडची बाजू माझी, पलीकडची धाकट्या जावेची. विहिरीजवळचा मळा मात्र मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, कुणालाच दिला नव्हता. दिवाळीत सगळ्यांदेखत ते म्हणाले, "आखितीला जिचं खत पिकल्यालं आसंल, तिच्या घरानं मळा कसायचा." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत.

मला हसूच आलं. माझं माहेर जुन्नरचं, आणि माझ्यासारखं सारवण अख्ख्या शिनोलीत कुणाला जमत नव्हतं. धाकटीचा कारभार म्हणजे सगळा आनंदीआनंद. गुरांनी टाकलेली वैरण, बाजरीचं सरमाड, चुलीतली राख, हाताला येईल ते ती लांबूनच भिरकवायची. मनात आलं की पाणी शिंपडायची आणि दाताळ्यानं सगळं वरखाली करायची. मी माझं शेण नीट थापलं, चोपलं आणि वरून शेणमातीनं सारवून गुळगुळीत केलं. दिवाळीत उकिरड्यावर पणती ठेवतात, तर मी माझ्या ढिगावर रांगोळीसुद्धा काढली.

थंडी पडली तशा तिच्या ढिगातून वाफा निघायला लागल्या. माझा आपला गार. येणारेजाणारे तिच्या ढिगापुढं हात शेकल्याचं सोंग करायचे आणि हसायचे. माझा नवराही एकदा म्हणाला, "धाकटीचं खत लई झ्याक तापलंय." त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर अळणी कोरड्यास मिळालं.

पुढं तिच्या खतात राख सांडल्यासारखं पांढरं दिसायला लागलं. बुरशी आली, नासलं एकदाचं, म्हणून मी मनातल्या मनात देवाला साखर ठेवली. तेवढ्यात शेतकी खात्यातले एक साहेब गावात आले. त्यांच्याकडं पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. त्यांनी दोन्ही बाजूंचं चिमूटभर खत पाण्यात कालवून काचेवर ठेवलं, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं नळीला डोळा लावला. मीही लावला. वळवळ दिसली.

साहेब म्हणाले, "खतात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. पहिले येतात ते मऊ मऊ खाऊन ढीग तापवतात. ती ऊब त्यांनाच सोसत नाही. मग उष्णता मानवणारे येतात. ढीग निवू लागला की ही पांढरी बुरशी काड्या खायला बसते. पंगतीमागून पंगत उठते, आणि शेवटी खताला मातीचा वास येतो." मग माझ्या बाजूला वळून त्यांनी नाकाला रुमाल लावला. "इथं वारा जात नाही. म्हणून वारा नको असलेले जीव माजलेत. हा आंबूस वास त्यांचाच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्याला न दिसणारे जीव, पण त्यांनीसुद्धा तिचंच घर धरलं! आणि माझ्या वाट्याला आले ते असले घाणेरडे. वरचं सारवण फोडायला हवं, हे कळत होतं. पण ते फोडलं असतं तर धाकटीचा पसारा बरोबर ठरला असता. मी हात लावला नाही.

होळीनंतर एक दिवस बघते तर ही बया माझ्या ढिगावर उभी, हातात कुदळ. सारवण फुटून खपल्या पडलेल्या.

"माज्या ढिगाला हात लावायचं तुला काय काम?" मी ओरडले.

"आक्का, वारं लागू द्या की त्येला," ती म्हणाली आणि खणत राहिली. काड्या मिसळून तिनं सगळं उलथून दिलं. थोड्याच दिवसांत माझ्याही ढिगातून वाफ आली.

आखितीला मामंजींनी दोन्हीकडं हात घातला. तिचं खत काळं, भुसभुशीत, गार. माझ्या ढिगातून त्यांनी चटकन हात काढला. "थोरलीचं आत्ता कुठं तापलंय. पिकायला येळ हाय."

तेव्हा धाकटी डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. "मामंजी, पाऊस पडस्तवर थांबा. आक्कांचं बी पिकंल. मग ठरवा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामंजी थांबले असते, तर मळ्याचा निदान अर्धा वाटा आमचा झाला असता. त्यांच्या तोंडावरच ते दिसत होतं. नवरा मला डोळ्यांनी खुणावत होता. पण तिनं फोडलेल्या ढिगावर, तिनं मागितलेल्या मुदतीत मिळालेला मळा? त्यातली भाकरी माझ्या घशाखाली उतरली नसती.

"थांबायचं न्हाई," मी म्हणाले. "तिचं पिकलंय. मळा तिला द्या."

मामंजींचे डोळे भरून आले. थोरलीचं मन केवढं मोठं, म्हणून गावानं माझं कौतुक केलं. धाकटीनं तर सगळ्यांपुढं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिला आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार?