हर्ट्झमावशींचा कान

हर्ट्झमावशींना कान दोनच होते, पण अख्ख्या धरमपेठेतले कुकर त्यांना वचकून असत. तिसऱ्या मजल्यावर शिट्टी झाली की मावशी खालून ओरडायच्या, "ढोबळेबाई, चाळीस हर्ट्झ उतरला वं तुमचा कुकर! रिंग बदला!" सुराची उंची त्या हर्ट्झमध्येच मोजत. रिंग बदलली की वरण शिजायचं, ही काळ्या दगडावरची रेघ.

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजात तारा ऐकलेला तो कान. जीभ मात्र भिवापूरच्या मिरचीची. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि मलाही त्या नादाला लावलं. आमच्या या प्रकारात बोलायचं नसतं. संगणक अक्षरांचे सूर करतो, रेडिओ ते हवेत सोडतो, पलीकडचा संगणक सुरांची पुन्हा अक्षरं करतो.

तीन महिने मी जगाला हाका मारल्या, कुत्र्यानं ओ दिली नाही. अँटेना एवढी उंच केली की घारी वळसा घालून जाऊ लागल्या. मावशींना मात्र विचारलं नाही. शिष्याची अब्रू!

मग कळलं, मावशी येत्या रविवारी लेकीकडे कॅनडाला निघाल्या, कायमच्या.

"फोन करू नको गा," त्या म्हणाल्या. "फोन कोणीबी करते. सेटवर ये, तरच भेट."

आणि माझा सेट तर मुका! अब्रू खिशात घालून मी त्यांना घरी आणलं. दोन सेकंद सूर ऐकताच त्यांनी कानांवर हात ठेवले.

"पंधराशेचा आकडा लावला तू, अन् वाजून राहिले तेराशे अठ्ठ्याहत्तर!"

"मावशी, अँटेना अजून थोडी..."

"बेसुऱ्याले मोठा माईक देल्ला तं तो मोठ्यानं बेसूर गाते, लेका!"

खरंच. सॉफ्टवेअर सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार नमुने देत होतं, साउंड कार्ड चव्वेचाळीस हजार शंभरच्याच चालीनं वाजवत होतं. टेप हळू फिरावी तसा माझा प्रत्येक सूर जाड अन् लांब; पलीकडच्या संगणकाला त्याची अक्षरंच लागेनात! सेटिंगमधला एक आकडा बदलला. मावशींनी डोळे मिटले. "हं. आता माणूस वाटून राहिला."

त्याच मिनिटाला ब्राझील धावत आलं, मागोमाग जपान.

मावशी गेल्या. महिन्याभरानं एका सकाळी पडद्यावर त्यांची नवी, कॅनडाच्या परवान्याची खूण उमटली. आमच्या या प्रकारात मोकळ्या मजकुराला एका खेपेत तेराच अक्षरं मिळतात. दुसऱ्या कोणी त्यांत आशीर्वाद कोंबला असता. मावशींनी सात समुद्रांपलीकडून धाडलं, "३ हर्ट्झ खाली गा."

मी खुर्चीवर चढून अशी आरोळी ठोकली की ढोबळेबाईंचा कुकर शिट्टी विसरला. मग खाली उतरलो आणि माझा उतरलेला सूर निमूटपणे तीन हर्ट्झ वर सरकवला.