दादाची हललेली तळी

दादाच्या स्टुडिओत माणूस पाय ठेवतो न ठेवतो तोच हुकूम सुटतो, "मान सरळ. श्वास धरा. हलू नका!" पोलीस असो की नवरदेव, सगळे निमूट ऐकतात. ऐकत नाहीत ती फक्त डोंगरांतली तळी, आणि दादाचा जीव नेमका त्यांच्यावर. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप ठोकून, पाठीवर सॅक चढवून तो त्यांचे फोटो काढायला निघतो. वहिनीचे गुडघे संपावर गेल्यापासून सोबतीला मी, त्याची धाकटी बहीण.

यंदा पहिल्या तळ्याचे सगळे फोटो हलले. दुसऱ्याचेही. तंबूसमोर बसून दादा ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करकरून बघत होता.

"बाबांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी कॅमेरा दादाच्या हवाली केला आणि पुन्हा म्हणून दुकानाची पायरी चढले नाहीत.

"परत गेलो की दुकान विकून टाकतो."

"आधी चहा पी, मग विक," मी म्हटलं. पण हसू कुणालाच आलं नाही.

तिसऱ्या तळ्याशी पोचेपर्यंत दोघांच्याही छातीचा भाता झाला होता. पाण्यावर बारीक तरंग होते. दादा दगडावर कोपरं टेकून, कॅमेऱ्याला डोळा लावून, पाणी थांबायची वाट बघत बसला. मी पोहायला शिकवते. लोकांच्या श्वासावर नजर ठेवणं हीच माझी नोकरी. दादाची पाठ हलत नव्हती. बराच वेळ हलली नाही. मग मान लाल झाली आणि कॅमेरा थरथरायला लागला.

"दादा, श्वास घे!"

"थांब गं, पाणी हलतंय."

"हलू दे पाणी! तू श्वास घे, गाढवा!"

जन्मभर गिऱ्हाइकांना श्वास धरायला लावता लावता हा स्वतःही धरत आला होता. दुकानात ते क्षणाचं काम. इथे, या वयात चढून दम लागलेला असताना, तळं कधी स्वस्थ बसणार आणि हा कधी श्वास सोडणार!

त्याने श्वास सोडला, घेतला, पुन्हा घेतला. मग बटण दाबलं.

तळं लख्ख आलं होतं, काठावरच्या गवताच्या काडीसकट. मी हुश्श करून त्याच्या शेजारी बसले. दादाने फोटोकडे धड पाहिलंही नाही. कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून त्याने दोन्ही हात समोर धरले आणि बोटं पसरून त्यांच्याकडेच बघत राहिला.