जाड कागदावरचे शब्द

हडपसरच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सपोर्टला लागलो, तेव्हा अख्ख्या मजल्याला मिळून एकच प्रिंटर होता. लोकांना वाटायचं, बटण दाबलं की कागद थेट बाहेर. तसं नसतं. प्रत्येकाची फाइल आधी सर्व्हरवर जाते, तिथे रांगेत थांबते, आणि प्रिंटर एकेक करून उचलतो. पुढच्याचं अडलं की मागचे सगळे खोळंबतात, आणि माझा फोन वाजायला लागतो.

त्या मंगळवारी तो सकाळपासून वाजतच होता. जाऊन पाहिलं तर प्रिंटरवर पिवळा दिवा लुकलुकत होता आणि खाली सूचना होती: जाड कागद भरा. कुणीतरी फाइल पाठवताना कागदाचा प्रकार 'जाड' निवडला होता. ट्रेमध्ये होता नेहमीचा पातळ कागद. प्रिंटर हुकमाचा ताबेदार. सांगितलेला कागद मिळेपर्यंत तो ढिम्म हलणार नव्हता.

"आज मिळेल, की पोस्टानं पाठवताय?" मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं.

मी माझ्या जागेवर येऊन रांग उघडली. सगळ्यात पुढे खरेदी विभागाच्या मॅडमची फाइल होती. तीसुद्धा तीनदा. मला खरंच वाटेना, कारण प्रिंटरच्या वरची पाटी त्यांनीच लावलेली होती: 'खासगी प्रिंट घरी काढाव्यात. घरी प्रिंटर नसल्यास घ्यावा.' सगळा मजला त्यांना टरकून असायचा. मी यवतमाळचा. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना "करून राहिलो, मॅडम" म्हणालो होतो, तर त्या म्हणाल्या, "करताय की राहिलाय, एक काहीतरी ठरवा."

फाइल उडवणं एका क्लिकचं काम. पण विचारलेलं बरं, म्हणून त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"मॅडम, आपली फाइल अडकलीये. तिच्यामुळे मागचे सगळे थांबलेत. काढून टाकू?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे माझ्यामुळे चाललंय हे? मी दोनदा जाऊन आले. काहीच दिसेना, म्हणून परत पाठवली."

मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एका पानावर एकच शब्द, हाताएवढ्या अक्षरांत. पाणी. चहा. उशी. पंखा. दुखतंय. शब्दाखाली घरातल्याच वस्तूंचे मोबाइलवर काढलेले फोटो: त्यांचा तांब्या, कान तुटलेला कप.

"आमच्या यांना पॅरालिसिसचा झटका आला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समजतं सगळं, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, शब्द दाखवून बघा. पातळ कागद त्यांच्या हातात चुरगळतो, म्हणून जाड निवडला. तो आपणच मशीनमध्ये घालायचा असतो, हे कुठे ठाऊक होतं मला?" मग नेहमीच्या सुरात, "पाटी मीच लावलीये. वाचता येते मला. टाका उडवून."

मी दोन जादा फाइली उडवल्या. तिसरी बाजूला थांबवून ठेवली, म्हणजे ती रांगेत राहते पण कुणाला अडवत नाही. मागच्यांचे कागद भराभर बाहेर पडायला लागले. मॅडम उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून आल्या. साहेब एवढंच म्हणाले, "एवढ्यासाठी विचारायला आलात?"

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी समोरच्या दुकानातून जाड कागद आणला. मी तो बाजूच्या ट्रेमध्ये एकेक घालत गेलो. फोटो जड होते. प्रत्येक पान तयार करायला प्रिंटर बराच वेळ घ्यायचा. मॅडम वाट बघत उभ्या राहायच्या आणि गरम पान दोन्ही हातांनी धरायच्या.

शेवटच्या पानावर फोटो नव्हता. नुसतंच लिहिलेलं होतं: 'तू जरा गप्प बस.'

मी त्यांच्याकडे पाहिलं. "हे त्यांना सगळ्यात जास्त लागेल," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे एका रविवारी त्यांनी मला कर्वेनगरला घरी बोलावलं. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, पानं मांडीवर. मला पाहून त्यांनी 'चहा' उचललं आणि माझ्याकडे बोट केलं. मग खुर्चीच्या हातावर टकटक केली. मॅडम स्वयंपाकघरातून आल्या.

"हाक मारायची असली की असं वाजवतात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आपलं पान नाही केलं?"

त्या थबकल्या. "माझं पान करायचं सुचलंच नाही बघा."

"नाव लिहून द्या. मी काढतो."

"नावानं कुठे हाक मारली त्यांनी कधी? इतकी वर्षं नुसतं 'अगं'." काकांनी जोरजोरात मान हलवली. तोंड एका बाजूनंच हसत होतं.

सोमवारी सकाळी रांगेत एका पानाची फाइल आली. मी जाड कागद आधीच भरून ठेवला होता. पानभर दोनच अक्षरं.

मॅडम आता निवृत्त झाल्यात. काका रोज व्यायाम करतात. 'पाणी' अजून नीट जमत नाही, 'चहा'चा 'च' निसटतो, पण 'अगं' म्हणतात. जड, लांबवलेलं, तरी कळेल असं. मॅडमनी फोन करून सांगितलं.

"पहिल्या हाकेला मी मुद्दामच ओ देत नाही," त्या म्हणाल्या. "मग परत म्हणतात."