ओल्या चुन्यावरचा ठसा

ओल्या चुन्याचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. हडपसरला आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची फायनल होती आणि सिमेंटच्या कोर्टावर चुन्याच्या रेषा नुकत्याच मारल्या होत्या. शेवटच्या क्षणी समोरच्या संघातल्या मुलीचा पाय बाहेरच्या रेषेवर पडला, तरी शिट्टी वाजली नाही. तिने बास्केट केली आणि आम्ही एका गुणाने हरलो. रेषेवर तिच्या बुटाचा ठसा ढळढळीत उमटला होता. मी पंचांना तो दाखवला, तर म्हणाले, "अहो कॅप्टन, शिट्टी तुमच्याकडे आहे की माझ्याकडे?" मी हरकत नोंदवणार, तेवढ्यात आमचे सर पुटपुटले, "वाद नको. निकालावर सही करून टाक." पंचांना तिचा पाय दिसला नसेल, एक वेळ मान्य करते. पण मला दिसला होता, आणि सही मी केली.